संकेत पाळायचे की मोडायचे? विद्यार्थ्यांचा हिप-हॉप व्हिडिओ कसा पाहावा

(व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला असून शेवटी प्रश्नोत्तरांचा काही भाग जोडला आहे.)



आजचा प्रश्न दिसायला छोटा आहे. माध्यमं शिकणाऱ्या मुलामुलींना हिप-हॉप गाण्याचा व्हिडिओ करायला दिला, की तो झाल्यावर त्यांना हमखास विचारलं जातं: या प्रकाराचे संकेत तुम्ही कुठे पाळले आणि कुठे मोडले? इंग्लंडमध्ये अकरावी-बारावीच्या वयाला माध्यम अभ्यास हा स्वतंत्र विषय घेता येतो. तिथल्या एका परीक्षा मंडळानं हा प्रश्न वर्षानुवर्षं जवळपास याच अर्थानं विचारला. मुलं गाण्याचा व्हिडिओ करायची, सोबत अल्बमचं कव्हर आणि एक जाहिरात करायची, आणि मग या प्रश्नाचं उत्तर लिहायची. आपल्याकडच्या मास मीडियाच्या वर्गांतही हा प्रश्न आता ओळखीचा झाला आहे.

उत्तरं बहुतेक वेळा यादीसारखी येतात. उलटी टोपी आहे, गळ्यात साखळी आहे, मागे ग्राफिटीची भिंत आहे, म्हणजे संकेत पाळला. रॅप करणारी मुलगी आहे, म्हणजे संकेत मोडला. झालं उत्तर! आता यात खोटं काही नाही, पण यातून कळतंही काही नाही. तो संकेत मुळात तयार का झाला, त्यानं कुणाचं काय काम केलं, हे माहीत नसेल तर पाळणं आणि मोडणं दोन्ही सारखंच पोकळ होतं.

म्हणून आज आपण यादी बाजूला ठेवू आणि एकच गोष्ट धरून चालू. आमचं म्हणणं असं, की हिप-हॉप व्हिडिओच्या बहुतेक संकेतांच्या मुळाशी एक दावा आहे: ‘हे ठिकाण माझं आहे आणि इथलं मी स्वतः पाहिलं आहे.’ टोपी, साखळी, भिंत, मागे उभी असलेली पोरं, सगळं या दाव्याचा पुरावा म्हणून आलं. तेव्हा विद्यार्थ्यांचा व्हिडिओ बघताना पहिला प्रश्न हा, की तो दावा खरा आहे का. बाकीचं नंतर.

संकेत म्हणजे काय

आधी शब्द नीट लावून घेऊ. जॉनर म्हणजे कलेचा एक ओळखीचा प्रकार, आणि संकेत म्हणजे त्या प्रकाराचा प्रेक्षकाशी झालेला अलिखित करार. हे समजायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. तमाशाला बसलेल्या माणसाला माहीत असतं, की आधी गण होणार, मग गवळण, त्यात मावशी येणार, पुढे बतावणी आणि मग वग. मावशी आली की तिनं तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला तयार असतात. ही तयारी म्हणजेच संकेत. प्रेक्षकाच्या मनात आधीच अर्धं काम झालेलं असतं.

स्टीव्ह नील या अभ्यासकानं 1980 साली जॉनरवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा साधा करून सांगायचा तर असा, की कुठलाही जॉनर पुनरावृत्ती आणि फरक या दोन पायांवर चालतो. सगळंच तेच असेल तर माणूस कंटाळतो. सगळंच वेगळं असेल तर त्याला आपण काय बघतोय हेच कळत नाही.

आपल्याकडे याचं फार चांगलं उदाहरण आहे. सत्यशोधक जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेतला, लोकांना सवयीचे ढोलकी-तुणतुणं, सवाल-जबाब घेतले आणि आत आशय मात्र पार बदलून टाकला. लोक थांबले ते ओळखीच्या साच्यामुळे, आणि घरी गेले ते नवा विचार घेऊन. साचा पूर्ण फेकून दिला असता तर ऐकायला थांबलं कोण असतं? मोडणाऱ्याला आधी बरंच काही पाळावं लागतं, हे इथेच लक्षात ठेवू.

गल्ली कुठून आली

आता हिप-हॉपकडे येऊ. 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरची 1520 क्रमांकाची इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिनं इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आणि प्रवेशाला थोडे पैसे लावले. रेकॉर्ड वाजवायला होता तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगतात. म्हणजे मुळातच हा शाळकरी पोरांचा कारभार आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात घ्यावं.

त्या काळी ब्राँक्सची अवस्था काय होती? वस्ती मधोमध कापून मोठा एक्स्प्रेस-वे गेलेला, इमारतींना आगी लागत होत्या, दुकानं बंद पडत होती. बातम्यांत हा भाग दिसायचा तो फक्त ढिगारे म्हणून. तिथे राहणाऱ्या माणसाला कुणी विचारत नव्हतं. अशा वेळी त्याच ढिगाऱ्यासमोर उभं राहून, कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलणं हे मोठं धाडस होतं. 1982 साली ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं ‘द मेसेज’ आलं. त्याचा व्हिडिओ न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचा आहे आणि शेवटी पोलिसांची गाडी येऊन पोरांना घेऊन जाते. 1989 साली पब्लिक एनिमीच्या ‘फाइट द पॉवर’चा व्हिडिओ स्पाइक ली यांनी ब्रुकलिनच्या रस्त्यावर मोर्चा काढूनच चित्रित केला. त्याच वर्षी एनडब्ल्यूएच्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’चा व्हिडिओ दाखवायला एमटीव्हीनं नकार दिला. त्या व्हिडिओत कॉम्प्टनच्या रस्त्यांवर पोलीस काळ्या तरुणांची धरपकड करताना दिसतात.

ट्रिशिया रोज यांच्या 1994 सालच्या ‘ब्लॅक नॉइज’ या पुस्तकात रॅप व्हिडिओंमधल्या या स्थानिकपणावर नेमकं बोट ठेवलं आहे. आपला रस्ता, आपला चौक, आपली टोळी हे या व्हिडिओंचं केंद्र. मागे उभी असलेली दहा-बारा पोरं शोभेला नसतात, ती साक्षीदार असतात. हा खरंच आमच्यातला आहे, असं ती न बोलता सांगत असतात. शाहीर पोवाड्याच्या शेवटी आपलं नाव आणि गाव गुंफतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. बोलणारा कोण, कुठला, हे कळल्याशिवाय बोलण्याला वजन येत नाही.

कॅमेरा, कट आणि शब्द

चित्रणाच्या बाजूचे संकेत आपण थोडक्यात घेऊ, कारण ते डोळ्यांना चटकन दिसतात. कॅमेरा खाली ठेवून वर बघायचा, म्हणजे गाणारा मोठा दिसतो. हात लेन्सकडे येतात. कट बीटवर पडतो. लिपसिंक थेट प्रेक्षकाकडे बघून. नव्वदच्या दशकात हाइप विल्यम्स या दिग्दर्शकानं फिशआय लेन्स इतकी वापरली, की कडांना वाकलेली ती फ्रेम म्हणजेच हिप-हॉप असं समीकरण झालं.

अ‍ॅन्ड्र्यू गुडविन यांनी 1992 सालच्या पुस्तकात शब्द आणि दृश्य यांची तीन नाती सांगितली, ती विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडतात. शब्दांत जे आहे तेच दृश्यात दाखवणं, हे एक. शब्दांना दृश्यानं नवा अर्थ जोडणं, हे दुसरं. आणि शब्द एकीकडे, दृश्य भलतीकडे, हे तिसरं. विद्यार्थ्यांचे बहुतेक व्हिडिओ पहिल्यातच अडकतात. ओळीत पैसा आला की नोटा, पाऊस आला की पाऊस. खरी गंमत दुसऱ्या-तिसऱ्यात आहे.

2018 साली चाइल्डिश गॅम्बिनोचं ‘धिस इज अमेरिका’ आलं, दिग्दर्शक हिरो मुराई. यात वेगवान कट जवळजवळ नाहीत, लांबच लांब शॉट आहेत. पुढे नाच चाललाय आणि मागे हिंसा, धावपळ, गोंधळ. आपण नाच बघत राहतो आणि मागचं निसटतं. मग लक्षात येतं, की आपलं हे निसटणं हाच व्हिडिओचा विषय आहे. इथे कटचा संकेत मोडलाय, पण कॅमेऱ्याकडे बघणारा गायक, नाच, मागची मंडळी हे सगळं जागेवर आहे. एक खांब काढला, बाकीचे ठेवले, म्हणून छप्पर उभं राहिलं.

बाई कुठे उभी आहे

आता अवघड संकेताकडे. हिप-हॉप व्हिडिओत बाई बऱ्याचदा गाडी आणि साखळीच्या रांगेत उभी केलेली असते, कमावलेली वस्तू म्हणून. लॉरा मल्व्ही यांनी 1975 सालच्या निबंधात सिनेमाच्या कॅमेऱ्याची नजर पुरुषाची असते, असं मांडलं होतं. ते इथे फार उघडपणे दिसतं.

2004 साली अमेरिकेत एक प्रसंग घडला. स्पेलमन हे काळ्या मुलींचं नामांकित कॉलेज. रॅपर नेलीच्या संस्थेतर्फे तिथे अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीचा कार्यक्रम होणार होता. त्याच्या ‘टिप ड्रिल’ या व्हिडिओत बायकांना ज्या रीतीनं दाखवलं होतं त्यावर विद्यार्थिनींनी प्रश्न विचारले, निषेध केला, आणि कार्यक्रम रद्द झाला. यात दोन्हीकडे काहीतरी खरं पणाला लागलं होतं, हे विसरू नये. दात्यांची गरज खरी होती आणि मुलींचा प्रश्नही खरा होता. हिप-हॉप ऐकणाऱ्या, त्यावर नाचणाऱ्या मुलींनीच तो विचारला, म्हणून त्याला धार होती.

कलाकारांनी हा संकेत कसा मोडला? 1997 साली मिसी एलियटच्या ‘द रेन’मध्ये, दिग्दर्शक तेच हाइप विल्यम्स, ती हवा भरून फुगवलेला काळा चकचकीत पोशाख घालून फिशआय लेन्ससमोर उभी राहते. चकाकी आहे, लेन्स आहे, थेट बघणं आहे. फक्त नजरेला जो देह हवा असतो तोच तिथे मिळत नाही.

आपल्याकडे 2015 साली चेन्नईच्या सोफिया अश्रफनं ‘कोडाईकनाल वोन्ट’ केलं. कोडाईकनालच्या बंद पडलेल्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याचा आणि कामगारांच्या आरोग्याचा तो प्रश्न होता. तिनं त्यासाठी निकी मिनाजच्या ‘अ‍ॅनाकोंडा’ची चाल घेतली. देहप्रदर्शनामुळे गाजलेल्या गाण्याची चाल! ऐकणारा एका अपेक्षेनं येतो आणि त्याच्या पदरात पडतो पारा. पुढे 2016 साली कंपनीनं 591 माजी कामगारांशी समझोता केला. त्यामागे कामगारांची पंधरा वर्षांची लढाई होती, एका व्हिडिओचं ते श्रेय नाही. पण तो विषय लाखो लोकांच्या कानावर गेला तो या उसन्या चालीमुळे.

तेव्हा ‘आमच्या व्हिडिओत मुलगी रॅप करते, म्हणून संकेत मोडला’ एवढ्यावर थांबू नका. ती मुलगी कुठे उभी आहे, तिच्याकडे कॅमेरा कोणत्या उंचीवरून बघतोय, आणि ती जे बोलते ते तिनं लिहिलंय की तिच्या मित्रानं, हे विचारा.

आयपॅडवर मावलेली कुर्ल्याची गल्ली

हे सगळं मुंबईत कसं उतरलं ते आता बघू. 2014 सालच्या जानेवारीत ‘आफत!’ नावाचा एक व्हिडिओ नेटवर आला. करणारा नेझी, म्हणजे नावेद शेख. राहणार कुर्ला पश्चिम, पिनकोड 400070. म्हणून तो स्वतःची ओळख ‘बॉम्बे 70’ अशी करून द्यायचा. वय कॉलेजचं, विशीचं. गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलेलं, व्हिडिओही आयपॅडवरच, आपल्याच भागात, मित्रांना घेऊन. मागे ना कंपनी, ना स्टुडिओ.

वर्गात हा व्हिडिओ विद्यार्थी व्हिडिओचा सख्खा भाऊ म्हणून दाखवावा असा आहे. साधनं तीच, वय तेच, पैशांची चणचण तीच. आता यात काय पाळलं? थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, मित्रांची साथ, स्वतःचं नाव मिरवणं, आपला पत्ता छातीवर लावणं. अगदी शाळेच्या पुस्तकात शोभेल इतकं पाळलं. मग मोडलं काय? त्या वेळी आपल्याकडच्या पडद्यावर रॅप म्हणजे मोठ्या गाड्या, क्लब आणि पार्टी. आणि कॉलेजांमधून जे गंभीर रॅप चालायचं ते पुष्कळसं इंग्रजीत. नेझी बोलला बम्बइया हिंदीत, आणि मिरवायला त्याच्याकडे गाडी नव्हती, फक्त जिभेचा वेग होता. म्हणजे जागतिक संकेत पाळून त्यानं इथला संकेत मोडला. हे वाक्य विद्यार्थ्यांनी नीट पाहावं. ‘संकेत’ म्हटल्यावर कुठला, कुणाचा, कुठल्या वर्षीचा, हे सांगावंच लागतं.

पुढची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. 2015 साली डिव्हाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ आलं. 2019 साली झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ आला, या दोघांच्या आयुष्यावरून स्फूर्ती घेतलेला. आणि मग गल्ली सगळीकडे झाली. जाहिरातीत रॅप, निवडणुकीत रॅप, रंगवलेल्या भिंती, पत्र्याचे छप्पर, हुडी घातलेली पोरं. जे मोडणं होतं तेच पाच वर्षांत पाळणं होऊन बसलं. हे काही दुःखाचं कारण नाही, जॉनर असेच वाढतात. पण 2014 साली कुर्ल्याच्या मुलानं कुर्ल्याची गल्ली दाखवली तेव्हा तो पुरावा होता. आज कुठल्याही गावच्या मुलांनी भाड्यानं धारावीत जाऊन दोन तास शूटिंग केलं, तर तो देखावा होतो. फ्रेम तीच, पण पुराव्याची झाली सजावट.

याला उत्तर म्हणून जे पुढे गेले त्यांनी ठिकाणच बदललं. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटानं 2019 साली आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. गल्लीच्या जागी जंगल आलं, पण दावा तोच राहिला: ही जागा आमची आहे. आणि तो दावा करायला त्या जागेचाच माणूस गाण्यात उभा केला. आमच्या मते हे मोडण्याचं उत्तम उदाहरण आहे, कारण यात वरचं साल बदललं, गाभा राखला.

एक गट कल्पून पाहू

आता प्रत्यक्ष काम. आपण एक काल्पनिक गट धरू. सोलापूरच्या एका कॉलेजातली चार मुलं. त्यांतली एक मुलगी रॅप लिहिते. ती कुंभारीच्या गोदुताई परुळेकर वसाहतीत राहते, आई विड्या वळते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, फोनवर हिंदी. गटाला तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे.

पहिली सूचना काय येणार? आम्ही सांगतो. ‘चल, पुण्याला जाऊ. तिथे एक ग्राफिटीची भिंत आहे.’ दुसरी सूचना, ‘काळे गॉगल आणू.’ दोन्हींत चूक काही नाही, पण त्या भिंतीवर या मुलीचं काहीही लिहिलेलं नाही. तिच्या दाव्याचा पुरावा घरात आहे. आई मांडीवर सूप घेऊन बसते, भिजवलेली तेंदूची पानं कात्रीनं कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा गुंडाळते. मजुरी हजार विड्यांवर. त्या कात्रीला स्वतःचा ताल आहे. तो फोनवर रेकॉर्ड करून बीटमध्ये घातला, तर बीट नेटवरून उतरवायची गरजच निम्मी झाली. आणि कट त्या कात्रीवर पाडला, तर ‘कट बीटवर पडतो’ हा संकेत पाळला गेला, शिवाय त्याला एक अर्थ आला जो ब्राँक्समध्ये नव्हता.

मागे कोण उभं राहणार? मित्रांची टोळी हा संकेत. इथे शेजारच्या बायका सूप घेऊन रांगेत बसल्या, तर साक्षीदारांचं काम त्या करतात. संकेत पाळलाही आणि उलटवलाही. साखळीचं काय? श्रीमंती मिरवणं हा संकेत मुळात ‘आम्हाला कमी लेखलं, बघा आता’ असं म्हणायला आला. या मुलीला ते म्हणायचं असेल तर ती वसाहतीतल्या घराची किल्ली मिरवू शकते. त्या वसाहतीत विडी कामगार बायकांना स्वतःची घरं मिळाली ती लढून. ती किल्ली सोन्याहून जड आहे.

पण थांबा. खरा पेच पुढे आहे. आईनं म्हटलं, ‘मला नको दाखवू गं व्हिडिओत. लोक काय म्हणतील?’ मग? व्हिडिओतला सगळ्यात चांगला शॉट म्हणजे आईचा चेहरा, हे गटातल्या सगळ्यांना कळतंय. मार्क त्यानं वाढतील, हेही कळतंय. इथे जॉनरचा संकेत मदतीला येत नाही. ‘हिप-हॉप म्हणजे वास्तव’ असं म्हणून एखाद्याचं वास्तव त्याच्या इच्छेविरुद्ध उचलणं, हा त्या मूळ दाव्याचाच भंग आहे. दावा ‘हे माझं आहे’ असा होता. आईचं आयुष्य आईचं आहे, मुलीचं पूर्ण नाही.

मग फक्त हात दाखवायचे. किंवा रिकामं सूप. किंवा मुलीनं स्वतः आईच्या जागी बसायचं आणि तिला विडी नीट वळता येत नाही, हे दिसू द्यायचं. गुडविन यांचं तिसरं नातं आठवा: शब्द आईच्या कष्टांचे, आणि दृश्य मुलीच्या चुकणाऱ्या बोटांचं. यात जे उमटेल ते चेहऱ्याच्या शॉटपेक्षा कमी नाही. उलट, मुलगी शिकून या कामातून बाहेर पडतेय आणि त्याची तिला थोडी लाजही वाटतेय, हे गाण्यात न लिहिता दिसेल. ‘मी इथली आहे’ या दाव्यात ‘पण आता किती?’ हा प्रश्न मिसळेल. हिप-हॉप व्हिडिओ सहसा असं कबूल करत नाही. आमच्या दृष्टीनं खरं आव्हान ते.

उत्तरपत्रिकेत हे कसं लिहायचं? प्रत्येक मुद्द्याला तीन पायऱ्या ठेवा. संकेत कुठला, आणि तो कुठल्या काळात कुठल्या गरजेतून आला. आम्ही त्याचं काय केलं, नेमक्या शॉटसकट. आणि त्यानं बघणाऱ्याच्या मनातली अपेक्षा कुठे वळली. दहा मुद्दे लिहिण्यापेक्षा असे तीन लिहा.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: आम्ही पुण्यात चांगल्या सोसायटीत राहतो. आमच्याकडे गल्ली नाही, गरिबी नाही. मग आम्ही हिप-हॉप करूच नये का?

उत्तर: करा ना! जागेचा दावा गरिबीचा असायलाच हवा असं कुणी सांगितलं? क्लासच्या बाहेर रात्री साडेनऊला उभ्या असलेल्या दोनशे सायकली ही पण जागाच आहे. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर, ज्यात कामाला येणाऱ्या मावशींना सही करावी लागते आणि तुम्हाला नाही, तेही तुम्ही रोज बघता. त्यावर बोलायला धाडस लागेल, कारण इथे बोट स्वतःच्या घराकडे जातं. दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन तिथली भिंत उसनी घेणं त्यापेक्षा सोपं आहे, म्हणून आम्ही ते करू नका म्हणतो.

प्रश्न: रस्त्यावर शूटिंग करताना मागून जाणाऱ्या प्रत्येकाची परवानगी कशी घेणार? ते शक्यच नाही.

उत्तर: प्रत्येकाची नाही घेता येत, मान्य. पण गर्दीतून जाणारा माणूस आणि फ्रेममध्ये थांबवून दाखवलेला माणूस यात फरक आहे. ज्याच्या चेहऱ्यावर तुमचा कॅमेरा थांबतो, ज्याच्या कामावर तुमचं गाणं अर्थ चढवतं, त्याला आधी विचारा. एक साधं संमतीपत्र मराठीत करून ठेवा, वाचून दाखवा. आणि एडिट झाल्यावर, अपलोड करण्याआधी, त्या माणसाला व्हिडिओ दाखवा. सही तर आधीच झालेली असते. पण स्वतःला पडद्यावर बघून तो काय म्हणतो, हे ऐकलंत तर तुमच्या व्हिडिओनं काय पाळलं आणि काय मोडलं, याचं उत्तर अर्धं तिथेच मिळेल.